उंच कमानीचा पाय: आधार कुठे द्यायचा आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २३, राहणार बीड जिल्ह्यात, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव. तळव्याची कमान लहानपणापासून उंच. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, चवड्याखाली घट्टे आहेत. डावा पाय करंगळीच्या बाजूवर कलंडून वर्षभरात तीनदा मुरगळला. कमान उंच आहे म्हणून बुटात कडक प्लास्टिकचा आधार घातला, तर घट्टे तसेच राहिले आणि पाय कलंडणं उलट वाढलं. आता तुम्ही विचारताय की याहून उंच आधार घ्यावा का, आणि व्यायामाने कमान खाली येईल का.

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आधार वाढवला की त्रास का वाढतो हे एकदा समजलं तर पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. भरतीमुळे सपाट पाय म्हणजे काय हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उलट्या बाजूचा पाय मात्र ‘छान, कमान चांगली आहे’ म्हणून सोडून दिला जातो. बाजारातले बहुतेक कमान-आधारही सपाट पायासाठीच बनवलेले असतात. ते आतल्या बाजूने पाय उचलतात. सपाट पाय आत कोसळतो, म्हणून त्याला तिथे उचललेलं मानवतं. तुमचा पाय आधीच बाहेर कललेला आहे. त्याला आतून आणखी ढकललं की तो करंगळीवर जाणार.

पाय ही तिवई समजा. एक पाय टाचेखाली, दुसरा अंगठ्याच्या मुळाखाली, तिसरा करंगळीच्या मुळाखाली. उंच कमानीच्या बऱ्याच पायांत अंगठ्यामागचं लांब हाड खाली झुकलेलं असतं, म्हणजे तिवईचा तो एक पाय लांब झालेला असतो. जमिनीवर टेकताना तोच आधी लागतो आणि अख्खी तिवई करंगळीकडे कलते. टाच त्या कलासोबत आत वळते, घोटा बाहेर झुकतो. त्यात मधला तळवा जमिनीला लागतच नाही, म्हणून सगळं वजन टाच आणि चवडा एवढ्याशा जागेवर येतं. घट्टे तिथेच का होतात, घोटा त्याच बाजूला का मुरगळतो, याचं कारण हे. पाय ताठ असला तर धक्काही तळव्यात जिरत नाही, तो वर नडगीत आणि गुडघ्यात जातो.

पण हे सगळ्या उंच कमानींना सारखं लागू नाही. काहींची टाच सरळच असते, त्यांना नुसती मऊ गादी पुरते. काहींची टाच आत वळून तिथेच ताठ झालेली असते, तिला ढकलून काही होत नाही. आणि काहींच्या पायाचं मूळ पायात नसतंच, ते नसांमध्ये किंवा पाठीच्या कण्यात असतं. म्हणून बूट-पॅडच्या आधी हा शेवटचा प्रश्न निकालात काढायचा.

कमान लहानपणापासून तशीच आहे, दोन्ही पायांना सारखी आहे, वडिलांची किंवा आत्याची तशीच आहे आणि बाकी काही तक्रार नाही, तर बहुधा ती घराण्यातली ठेवण आहे. मात्र पुढचं काहीही असेल तर आधी डॉक्टर. कमान एकाच पायाची उंच आहे. गेल्या काही वर्षांत ती वाढत गेली आहे. टाचांवर दहा पावलं चालता येत नाही, चवडा उचलला जात नाही. चालताना पाऊल जमिनीवर ‘थप’ असं पडतं किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. पोटऱ्या बारीक होत चालल्या आहेत. तळव्याला बधिरपणा आहे. सदऱ्याची बटणं लावताना बोटं चुकतात. कमरेच्या खालच्या भागात मणक्यावर केसांचा झुपका किंवा खळगा आहे, किंवा लघवीवरचा ताबा कमी झाला आहे. एका पायाच्या उंच कमानीमागे मणक्यातल्या दोरीची, म्हणजे मज्जारज्जूची अडचण असू शकते, आणि ती वेळेत सापडणं महत्त्वाचं.

नसांच्या आजारांत यासंदर्भात सगळ्यात नेहमीचा तो शार्को-मारी-टूथ. तिघा डॉक्टरांनी १८८६ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तिघांची नावं. दाताशी त्याचा काही संबंध नाही, टूथ हे आडनाव. त्यात पाय बाहेर वळवणारा आणि चवडा वर उचलणारा स्नायू आधी कमजोर होतो, त्यांच्या विरुद्ध ओढणारे टिकून राहतात, आणि त्या असमान ओढीत कमान वर्षागणिक चढत जाते. आजार बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून थेट येतो. काही प्रकार मात्र दोघांकडूनही दोष आला तरच दिसतात, आणि मामाची मुलगी केलेल्या घरांत ते दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून घरात कुणाचे पाय असे आहेत हे नीट विचारून घ्या. आजोबा ‘पोलिओमुळे लंगडतात’ असं घरात म्हणत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण कधी कधी तो पोलिओ नसतोच. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि लाजण्यासारखं त्यात काही नाही.

हे काही नसेल तर घरातल्या घरात तीन गोष्टी बघा. शहाबादी फरशीवर ओला पाय उमटवण्याची चाचणी सगळे सांगतात. टाच आणि चवडा यांच्यातली पट्टी तुटलेली दिसली तर कमान उंच, एवढंच तिच्यातून कळतं. पुढच्या तिन्ही त्याहून कामाच्या.

पहिली, समोरून फोटो. पाय नाकासमोर सरळ, दोन पावलांत वीतभर अंतर, वजन दोन्हींवर सारखं. मोबाइल जमिनीलगत धरून कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. घोट्याच्या आतल्या बाजूने टाचेचा मऊ भाग डोकावताना दिसला तर टाच आत वळलेली आहे. साध्या सरळ पायात तो समोरून दिसत नाही. तुमच्या बुटांच्या टाचा मागून बघा, बाहेरची कड आतल्यापेक्षा जास्त झिजलेली असेल तर तीही तेच सांगते.

दुसरी सगळ्यात महत्त्वाची. तिला कोलमनची फळी-चाचणी म्हणतात. साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी घ्या. टाच आणि पायाची करंगळीकडची पूर्ण कड फळीवर ठेवा. अंगठ्याचा आणि त्याच्या शेजारच्या एक-दोन बोटांचा चवडा फळीच्या बाहेर, खाली लोंबू द्या. आधी टाचेच्या मागे मधोमध खडूने उभी रेघ मारून घ्या, म्हणजे फरक दिसतो. आता पूर्ण वजन टाकून उभे राहा आणि मागून दुसऱ्याला रेघ बघू द्या. फळीशिवाय आत वळलेली टाच फळीवर सरळ झाली, तर टाच मोकळी आहे आणि तिला कलवतंय ते पुढचं, अंगठ्यामागचं झुकलेलं हाड. तिवईचा लांब पाय खड्ड्यात सोडला आणि तिवई सरळ झाली, असं. टाच तशीच आत राहिली तर ती ताठ झाली आहे. पुढचा सगळा मार्ग इथे फुटतो.

तिसरी, पोटरीची. भिंतीसमोर उभे राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा. दहा सेंटिमीटरच्या आसपास ठीक. पाच-सहावरच अडत असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही. पण उंच कमानीत एक गंमत असते: चवडा मुळातच टाचेपेक्षा खाली झुकलेला असल्यामुळे घोट्याचा वाकण्याचा बराचसा वाव तिथेच खर्च होतो. पोटरी आखडलेली नसतानाही माप कमी येतं. अशा माणसाने पोटरी ताणताणून काही हाती लागत नाही. ताणताना पोटरीत ओढ जाणवली तर ताणण्यात अर्थ आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला हाडावर हाड अडल्यासारखं वाटलं तर ताणणं सोडा आणि टाचेखाली उंची द्या.

आता बुटातलं पॅड. फळीवर तुमची टाच सरळ झाली असं धरून सांगतो. बुटातलं मूळचं इनसोल काढा आणि त्याच मापाने पूर्ण लांबीचं, मध्यम कडक ईव्हीएचं (बुटाच्या सोलमध्ये असतो तो फोम) साधारण ५ मिलिमीटर जाडीचं पॅड कापून घ्या. अर्ध्या लांबीचं, चवड्याआधी संपणारं पॅड इथे उपयोगाचं नाही, कारण खरी दुरुस्ती चवड्याखालीच करायची आहे. अंगठ्याच्या मुळाची जागा नेमकी शोधायला ओलं कुंकू तळव्याच्या घट्ट्याला लावा, पाय बुटात घाला, उभे राहा आणि काढा. पॅडवर ठिपका उमटतो. त्या ठिपक्याभोवती नाण्यापेक्षा थोडा मोठा खळगा कापून काढायचा, म्हणजे तो लांब पाय खाली उतरतो. मग दुसऱ्या बोटापासून करंगळीपर्यंतच्या चवड्याखाली ३ ते ४ मिलिमीटरची पट्टी चिकटवायची, करंगळीकडे किंचित जाड ठेवून. टाचेखाली ६ ते ८ मिलिमीटरची उंची, दोन्ही बुटांत सारखी. सगळ्यावर ३ मिलिमीटरचा मऊ थर.

कमानीखाली काय? पोकळी भरायची, पण ढकलायचं नाही. मऊ फोम कमानीला नुसता टेकेल इतकाच. उभं राहिल्यावर आतल्या बाजूला गोटी टोचल्यासारखं वाटलं तर ते जास्त झालं, थोडं घासून कमी करा. टेकल्यामुळे वजन वाटायला जागा वाढते, एवढाच त्याचा उपयोग. चवडा मधोमध दुखत असेल तर छोटा उंचवटा देतात, तो बोटांमागच्या लांब हाडांची पुढची टोकं जिथे टेकतात त्याच्या मागे, ५ ते १० मिलिमीटर टाचेकडे. लोक तो दुखऱ्या जागेच्या खालीच चिकटवतात आणि मग दुखणं दुप्पट होतं.

टाच ताठ असेल तर करंगळीकडची पट्टी देऊ नका. न वळणाऱ्या टाचेला पाचर मारली की ताण गुडघ्यावर जातो. तिथे फक्त मऊपणा, टाचेची उंची आणि घट्ट्यांखाली खळगे.

नवीन पॅड पहिल्या दिवशी तासभरच. रोज एकेक तास वाढवा. त्यात दोन आठवडे चालणं जमल्यावरच धावायचं. ऑस्ट्रेलियात उंच कमानीच्या दुखऱ्या पायांवर १५४ जणांची एक चाचणी झाली होती, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. मापाच्या पॅडने तीन महिन्यांत दुखणं साध्या नकली पॅडपेक्षा जास्त कमी झालं, पण नकली पॅडवाल्यांनाही बऱ्यापैकी आराम पडला. यातून मी एवढंच घेतो की आधी साधं, हाताने कापलेलं पॅड करून बघावं, महागडं साच्याचं नंतर.

बूट घेताना आतल्या बाजूच्या सोलकडे बघा. तिथे वेगळ्या रंगाचा, बहुतेक करड्या रंगाचा पट्टा असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर तो बाहेरच्या बाजूपेक्षा कडक लागत असेल, तर तो बूट सपाट पायासाठी आहे. दुकानदार त्याला ‘सपोर्टवाला’ म्हणून जास्त किमतीला देतो. तुम्हाला तो नको. आत-बाहेर सारखा मऊ, टाचेच्या भोवतालचा कप कडक, सोल रुंद, आणि पुढे बोटांना वर जागा असलेला बूट हवा. पॅडची जाडी आत जाणार आहे, म्हणून पॅड सोबत घेऊनच बूट घालून बघा. पायाचा वरचा भाग उंच असल्यामुळे नाडी तिथे रुतते आणि बोटांना मुंग्या येतात. मधल्या दोन भोकांत नाडी आडवी न नेता कडेकडेने सरळ वर घ्या, रुतणं थांबतं. धावण्याचा बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसतो. तुमच्यासारख्याचा बाहेरून लवकर झिजतो, आणि झिजलेल्या कडेवर धावणं म्हणजे तिरक्या रस्त्यावर धावणं.

रस्त्यावरून आठवलं. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने, एकाच दिशेला धावलं की एक पाय रोज त्याच बाजूला कलतो. ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या, म्हणजे उतार बदलतो. त्याहून मुरमाचं मैदान बरं. काळ्या रानात मात्र नको. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा आणि ढेकळं घोट्याला वाईट, पावसात बुटाला चिकटलेला चिखलाचा गोळा त्याहून वाईट. बांधावरून चालणं रोजचंच असेल तर घोट्यावर चढणारा बूट घाला.

घरातली चप्पल कुणी लक्षात घेत नाही. अंगठ्याची चप्पल पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात, आणि उंच कमानीत बोटं आधीच आकड्यासारखी वळायला लागलेली असतात. मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची सँडल घ्या. हे मऊ रबर आपल्याकडे कुष्ठरोगातल्या बधिर पायांसाठी वापरात आलं, आता टाचदुखीसाठीही सर्रास मिळतं. नवरात्रात अनवाणी राहण्याचा किंवा तुळजापूरला पायी जाण्याचा नेम असेल तर तो श्रद्धेचा विषय, मी मोडा म्हणणार नाही. पण घट्टा फुटलेला असेल, तळवा बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर अनवाणी नको, हे ठाम.

घट्टे ब्लेडने कापू नका. दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वज्रीने हलक्या हाताने घासा, खोबरेल तेल लावा. आठवड्यातून दोनदा पुरे. वजन कमी झालं की घट्टा हळूहळू मऊ पडतो. तो पॅडनंतर दोन-अडीच महिन्यांतही तसाच असेल तर खळगा चुकीच्या जागी आहे, पुन्हा कुंकू लावून बघा.

व्यायामाने कमान खाली येत नाही. हाडांची ठेवण ती. बदलतो तो घोट्याचा ताबा, आणि तुमच्या मुरगळण्याला खरं औषध तेच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या, खाटेच्या पायाला बांधा, दुसरं टोक करंगळीच्या मुळाशी अडकवा आणि पाय बाहेर वळवा. इथे बारीक गोष्ट अशी की अंगठा खाली दाबून बाहेर वळवू नका. तसं केलं की अंगठ्यामागचं हाड खाली ओढणारा स्नायूच बळकट होतो, म्हणजे ज्याने तिवई कलली तोच. जोर करंगळीकडून यायला हवा. पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. त्यानंतर एका पायावर ३० सेकंद, तीनदा. फरशीवर सहज जमलं की घडी केलेल्या गोधडीवर, तेही जमलं की डोळे मिटून. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी बोटं हाताने मागे ओढून दहापर्यंत मोजा, असं दहा वेळा. टाचेच्या सकाळच्या दुखण्याला यानेच बहुतेक फरक पडतो.

धावायला लागताना एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे, एक दिवसाआड. दुखणं दहात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते गेलेलं हवं. नाही गेलं तर एक पायरी मागे. तीनदा मुरगळलेला घोटा आहे, म्हणून निदान पहिले तीन महिने नाडीचा घोटापट्टा घालूनच धावा.

एका ठिकाणी मात्र थांबायचं, तारीख जवळ असली तरी. पायाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध जे हाड हाताला उंच लागतं तिथे किंवा त्याच्या जरा पुढे बोटाने दाबल्यावर नेमकं दुखत असेल, तर ते हाड चिरत असू शकतं. उंच कमानीत त्या हाडावर भार जास्त येतो आणि तिथला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते सहजी जुळत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. तो स्वच्छ आला म्हणून धावू नका, पुन्हा काढा.

शस्त्रक्रियेचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. पॅड, बूट आणि व्यायाम सहा महिने नीट करूनही घोटा मुरगळतच राहिला किंवा कमान वाढतच गेली, तर तिचा विचार. टाच मोकळी असताना अंगठ्यामागचं हाड वर उचलणं, टाचेचं हाड कापून बाहेर सरकवणं, स्नायूची दोरी दुसरीकडे जोडणं असे पर्याय असतात. सांधे झिजून ताठ झाले की मग ते जखडून टाकावे लागतात. संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, यांतलं जे जवळ असेल तिथल्या अस्थिरोग विभागात आधी दाखवा. नसांची शंका आली तर तेच पुढे पाठवतील. जाताना जुने, झिजलेले बूट न धुता सोबत न्या, फळीवरचा आणि समोरून काढलेला फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक्स-रे काढायला सांगितला तर तो उभं राहून, वजन टाकून काढायचा आहे ना, हे तिथल्या तंत्रज्ञाला विचारा. झोपून काढलेल्या एक्स-रेत कमानीचं खरं माप दिसत नाही.